तेल वेगळं आहे का?

कुडाळला हायवे चौपदरी झाला
आणि कडेला हे काचेचं दुकान उघडलं.
आत मासळीच्या खोक्यातल्यासारखा गारठा.
कॅरमची जिल्हा स्पर्धा संपवून आम्ही शिरलो,
देवगडची नऊ पोरं, एक सर, आणि मी, केतकीची आत्या.
राणी घेतली होती तिनं, कव्हर गेलं नाही.
सर म्हणाले, असू दे, आज बर्गर माझ्याकडून.

केतकी मागेच थांबली, फोटो वाचत.
फोटो वाचायचे असतात, हे मला तिनं शिकवलं.
हा पाव. हा पावाचाच चुरा, कोंबडीला फासलेला.
हा सॉस घट्ट आहे, घट्ट कशानं?
ही टिक्की बटाट्याची, पण सुटू नये म्हणून आत काय?
उरले फ्राइज.
बटाटा निर्दोष, पण तळला कुणाच्या सोबतीनं?

तशी गहू न खाणाऱ्याला आमच्या किनाऱ्यावर काय कमी?
घावन, आंबोळी, पेज, शिरवाळे.
असंच मी म्हणत असे.
मग कळलं, वड्याच्या पिठात मूठभर गहू असतो,
डबीतल्या हिंगात मैदा असतो,
आणि मागच्या मे महिन्यात, मालवणात,
सुरमईवरचा रवा नखानं खरवडून
मीच तिला म्हटलं होतं, एवढ्याशानं काही होत नाही गं.
तीन रात्री ती पोट धरून भिंतीकडे तोंड करून निजली.
मला काही बोलली नाही.
वहिनीही बोलली नाही. ते जास्त लागलं.

'दादा, तेल वेगळं आहे का?'
काउंटरला हनुवटी जेमतेम पोचते तिची,
हाताला बोरिक पावडर, पांढरी, मैद्यासारखी.
मागे रांग. कुणीतरी घड्याळ बघतंय.
छातीवर पाटी, डी. आरोलकर, वय असेल वीस.
तो हो म्हणणार, मला माहीत होतं.
हो म्हणायला काय लागतं?
तो म्हणाला, 'थांब, बघून येतो.'

आला तो मान हलवतच.
'एकच तेल आहे. दुसरी कढई दुपारनंतर बंद असते.
माझ्याच्यानं देववणार नाही.'
मला वाईट वाटायला हवं होतं,
पण मी त्या 'नाही'कडे बघत राहिले
गरम ताटाकडे बघावं तशी.

मग त्यानं खिशातून फोन काढला,
आणि शिकवलेली सगळी 'वेलकम मॅडम'ची भाषा गळून पडली.

'आये, डब्यात हिंग खंयखंय घातलंस?'
'तिखल्याच्या मसाल्यात आसा. कित्याक रे?'
'नि कढयेत?'
'सोलांच्या कढयेत हिंग कोण घालता रे मेल्या!'
'एक चेडू आसा. तेका गहू चलणत नाय.'
पलीकडे जरा वेळ नुसता कोंबडा आरवला.
'भात दी तेका. कढी दी. खारातलो आंबो आसा.
तिखला देव नको, हिंग कसलो तो माका म्हायत नाय.'

दारावर लिहिलं होतं,
बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.
तो त्या पाटीला पाठ करून उभा राहिला.

केतकीनं हात दोनदा धुतले.
टेबलावर चुरा होता, म्हणून रुमाल अंथरला.
कंपासपेटीतून स्वतःचा चमचा काढला.
उकड्या तांदळाचा भात, जाडा, गार झालेला,
वर गुलाबी कढी.
शेजारी आठ जणांचे आठ बर्गर करकरत होते.
ती मध्येच थांबून वास घेई,
डोळे मिटून, पूर्ण,
आणि पुन्हा भातात चमचा घाली.
तो वास मी तिला पुसून देऊ शकत नाही.

निघताना आरोलकर बाहेर आला,
हातात फोन, आई अजून लाइनवरच.
'जेवला काय ता?'
'जेवला.'
'डबो घेऊन ये हां. झाकणासकट.
गेल्या म्हयन्यात एक झाकान हरवलंस.'